पाच गोळ्यांचा नियम आणि एक पोलादी पट्टी

परवा एका मित्राशी बोलताना 2021 मधल्या न्यू मेक्सिकोतल्या सिनेमाच्या सेटवरच्या अपघाताचा विषय निघाला. शूटिंगच्या तयारीत रिव्हॉल्वरमधून खरी गोळी सुटली आणि छायाचित्रणकार बाई गेल्या. मित्र म्हणाला, "चाप ओढल्याशिवाय गोळी सुटतेच कशी?" त्या खटल्यात मी पडत नाही. खरं काडतूस सेटवर आलंच कसं, हा तिथला पहिला प्रश्न. पण मित्राच्या प्रश्नामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो फक्त बंदुकांचा नाही. म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ काढून वाचा.

त्या सेटवरचं हत्यार होतं 1873 च्या कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मीची इटलीत बनलेली नक्कल. काउबॉय सिनेमात कमरेला लटकतं ते हेच. सिंगल ॲक्शन म्हणजे चाप एकच काम करतो, घोडा सोडण्याचं. घोडा दर वेळी अंगठ्याने मागे ओढावा लागतो. 'शोले'त गब्बर गरकन फिरवतो तसलं चाक, त्यात सहा घरं, सहा गोळ्या.

आता गोम बघा. जुन्या कोल्टमध्ये फायरिंग पिन घोड्याच्याच तोंडावर बसवलेली. घोडा पूर्ण खाली असला की पिनेचं टोक थेट काडतुसाच्या बुडाला टेकतं. अशा वेळी रिव्हॉल्वर घोड्यावर आपटलं, तर चापाला बोट न लावता गोळी सुटू शकते. सेटवरच्या त्या रिव्हॉल्वरची एफबीआयने तपासणी केली तेव्हाही हेच दिसलं: घोडा भरलेल्या घरावर खाली आणि त्यावर थेट ठोका, तर चापाशिवाय बार. या प्रकारच्या रिव्हॉल्वरमध्ये तसं होणारच.

कोल्टने उपाय ठेवला नव्हता असं नाही. घोडा थोडा मागे ओढला की पहिल्या खाचेत अडकतो. तिला 'सेफ्टी' म्हणायचे. पण सगळा भार चापाच्या बारीक टोकावर. जोरात आपटलं की टोक तरी तुटणार, खाच तरी. म्हणून जाणकारांनी आपला नियम केला: घरं सहा, पण गोळ्या भरायच्या पाच, आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवायचा.

नियम न पाळणाऱ्यांत नावाजलेली माणसंही होती. वायट अर्प तेव्हा कॅन्सासमधल्या विचिटा गावात पोलिसात होता. जानेवारी 1876 मध्ये तो एका दारूच्या गुत्त्यात बसलेला असताना त्याचं रिव्हॉल्वर म्यानातून निसटून पडलं आणि बार झाला. गोळी त्याच्या कोटातून आरपार जाऊन छतात घुसली. गावच्या पेपरात बातमी छापून आली. अर्पसारख्याची ही गत, तर साध्या शेतकऱ्याचं काय?

बरं, उपाय माहीत नव्हता का? होता! आयव्हर जॉन्सन नावाची कंपनी 1890 च्या दशकापासून स्वस्तातली रिव्हॉल्वरं विकत होती आणि त्यांच्या घोड्यावर खुशाल हातोडी मारा अशी जाहिरात करत होती. युक्ती साधी. पिन घोड्यावरून काढून सांगाड्यात बसवायची. घोडा खाली असताना पिनेला टेकतच नाही. चाप ओढून धरला तरच एक पोलादी पट्टी वर सरकते आणि घोड्याचा ठोका पिनेपर्यंत पोहोचवते. तिला ट्रान्सफर बार म्हणतात. चाप नाही तर पट्टी नाही, पट्टी नाही तर ठोका नाही.

1944 मध्ये अमेरिकन नौदलात स्मिथ अँड वेसनचं एक रिव्हॉल्वर जहाजाच्या लोखंडी डेकवर पडून गोळी सुटली, एक खलाशी गेला. ते सिंगल ॲक्शन नव्हतं, पण दुखणं तेच. तिथे गिऱ्हाईक होतं खुद्द नौदल. कंपनीने लगेच घोडा अडवणारा नवा भाग बसवला.

सामान्य गिऱ्हाइकाला एवढी घाई कोण दाखवणार? रूगर कंपनीने 1953 मध्ये 'सिंगल-सिक्स' आणि 1955 मध्ये 'ब्लॅकहॉक' आणलं. पिन सांगाड्यात घेतली, स्प्रिंगा सुधारल्या, पण घोड्याच्या खाचा जुन्याच आणि पट्टी नाही. म्हणजे पुन्हा पाच गोळ्यांचा नियम. सुमारे वीस वर्षं हीच विकली गेली. अखेर 1973 मध्ये 'न्यू मॉडेल' आलं, ट्रान्सफर बारसकट. आता सहाही घरं भरून फिरता येऊ लागलं. ओळख सोपी: जुन्याच्या सांगाड्यावर तीन स्क्रू, नव्याच्या दोन पिना.

पण विकून झालेल्यांचं काय? अलास्कात 1972 मध्ये एक माणूस गाडीत बसून आपलं रूगर रिकामं करत होता. ते हातातून निसटलं, गोळी सुटली, पाय जायबंदी झाला. ज्युरीने कंपनीला दंडात्मक भरपाईच जवळपास 29 लाख डॉलरची लावली. 1979 मध्ये अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम फार झाली म्हणून खूप खाली आणली. पण धोका माहीत असून माल विकत राहणाऱ्या कंपनीला असा दंड होऊ शकतो, हे तत्त्व कायम ठेवलं. पुढे 1982 मध्ये कंपनीने जुनी रिव्हॉल्वरं फुकट बदलून द्यायला सुरुवात केली. तरी अनेकांनी पाठवली नाहीत. कुणाला चापाचा हलकेपणा जाईल ही भीती, कुणाला जुन्या वस्तूची किंमत उतरेल ही.

सक्तीने परत मागवणारं कुणी नव्हतं का? नव्हतं. अमेरिकेत 1972 च्या कायद्याने ग्राहकांच्या वस्तूंच्या सुरक्षेसाठी आयोग नेमला गेला, पण बंदुका त्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या. खेळण्यातली बंदूक सदोष निघाली तर आयोग परत मागवू शकतो, खरी नाही!

हे वाचताना मला माझे प्रेस शॉपमधले दिवस आठवले. आमच्या एका सहकाऱ्याची दोन बोटं पॉवर प्रेसखाली गेली. साहेब म्हणाले, "त्याचंच लक्ष नव्हतं." खोटं नव्हतं ते. पण आठवड्याभरात त्याच प्रेसला दोन हातांची दोन बटणं बसली. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येईना. मग ती बटणं आधी का नव्हती, हे विचारायची आमची कुणाची हिंमत झाली नाही. आज वाटतं, विचारायला हवं होतं.

आपल्याकडे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाची जबाबदारी आली, धोकादायक माल परत मागवायला लावणारं केंद्रीय प्राधिकरण आलं. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यातही सदोष गाड्या परत मागवायची तरतूद झाली. कायदा कागदावर आहे. तो वापरायचा तर आधी आपली एक सवय सोडावी लागेल, प्रत्येक अपघातात 'त्याचंच चुकलं' म्हणून मोकळं व्हायची.

माणूस चुकणारच. रिव्हॉल्वर हातातून पडणारच. पाच गोळ्यांचा नियम शंभर वर्षं माणसाच्या आठवणीवर चालला, आणि ज्या दिवशी आठवण चुकली त्या दिवशी कुणाचा तरी जीव गेला. पट्टीला आठवण लागत नाही.

तुमच्या कारखान्यात, घरात, रस्त्यावर असे 'पाच गोळ्यांचे नियम' कुठे दिसतात? कमेंटमध्ये लिहा.