ठासणीची बंदूक आणि मिरजेचा तंबोरा

आपण एखादी गोष्ट ठासून सांगतो, कुणाचा बार फुसका निघाला म्हणतो, दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवतो आणि क्रिकेटमध्ये चेंडू टाकणाऱ्याला गोलंदाज म्हणतो. बंदुकीने मराठीला एवढे दिले. पण प्रत्यक्ष जुनी बंदूक आपल्या जगण्यातून जवळजवळ नाहीशी झाली. सातारा-सांगलीकडे, जिथे घरटी एखादा पूर्वज लष्करात होता असे अभिमानाने सांगितले जाते, तिथे जुन्या बंदुका दुरुस्त करण्याचा आणि चालवण्याचा छंद का रुजला नाही, हा प्रश्न मला बरीच वर्षे पडलेला आहे. त्याचे उत्तर बंदुकीत कमी आणि कायद्यात जास्त सापडते.

आधी वस्तूची ओळख करून घेऊ. पेशवाईच्या काळात आपल्याकडे सर्रास वापरली जाई ती तोड्याची बंदूक. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी घालायची, गजाने ठासायची, बुडाजवळच्या बारीक भोकापाशी रंजक ठेवायची आणि जळता तोडा तिला लावायचा. पावसात तोडा विझे, रंजक भिजे. चकमकीच्या बंदुकीने तोड्याची कटकट संपवली. तिथे गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पडे. इब्राहिमखानाच्या गारद्यांनी पानिपतावर वापरल्या त्या अशा बंदुका. एकोणिसाव्या शतकात तांब्याची टोपी आली आणि पावसाची भीतीही बरीच कमी झाली. तिन्ही प्रकार तोंडाकडून भरायचे, म्हणून तिन्ही ठासणीच्या. बार झाल्यावर नळीत जो काळा मळ राही तो हवेतील ओल शोषून घेई. त्याच दिवशी नळी धुऊन, पुसून, तेल लावून ठेवली नाही तर सह्याद्रीच्या पावसाळ्यात ती गंजायला वेळ लागत नसे. थोडक्यात, बंदूक बाळगणे म्हणजे तिची सतत निगा राखणे, आणि निगा राखणारा कारागीर गावात असणे.

हा कारागीर म्हणजे शिकलगार. अरबी ‘सैकल’ म्हणजे घासून चकाकी आणणे. त्यावरून हे नाव आले. सातारा-सांगली भागात हे आडनाव आजही भरपूर आढळते. तलवारी, भाले, कट्यारी यांना धार आणि पाणी देणे हा त्यांचा पिढीजात धंदा. तो उठला तो एका दिवसात नव्हे, तर पायरीपायरीने.

पहिली पायरी १८५७ची. उठाव सुरू असतानाच सरकारने निःशस्त्रीकरणाचा कायदा केला आणि दक्षिण महाराष्ट्रातही शस्त्रे जमा करण्याचा हुकूम सुटला. कृष्णेच्या खोऱ्यातच, मुधोळ संस्थानातील हलगलीच्या बेरडांनी तो मानला नाही. नोव्हेंबर १८५७मध्ये फौजेने गावावर चाल केली आणि पुढाऱ्यांना फाशी दिले. राज्य मिळवण्यासाठी नव्हे, तर घरातील शस्त्र घरात राहावे म्हणून झालेला हा लढा आहे. आपल्या इतिहासलेखनात त्याला हवी तेवढी जागा मिळाली नाही, असे मला वाटते.

दुसरी पायरी लॉर्ड लिटनच्या १८७८च्या शस्त्र कायद्याची. हिंदी माणसाला परवान्याची सक्ती आणि युरोपीय माणसाला सूट, असा हा उघड भेद होता. १८८७च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने त्याविरुद्ध ठराव केला, यावरून तो किती बोचत होता हे कळते. साताऱ्याचे राज्य १८४८मध्येच खालसा झाले होते. तिथे हा कायदा थेट लागू झाला. सांगली, मिरज ही पटवर्धनांची संस्थाने १९४८पर्यंत टिकली. तिथे नियम संस्थानांचे चालत. पण फौजाच उरल्या नव्हत्या, तेव्हा शस्त्रांना गिऱ्हाईक कुठून येणार?

इथे मिरजेची गोष्ट येते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, शस्त्रांचे काम घटू लागले तेव्हा, मिरजेतील शिकलगार घराण्याचे हात वाद्यांकडे वळले. फरीदसाहेबांपासून ही परंपरा सांगतात. त्यांना संस्थानिकांचा आश्रय मिळाला. पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांसारखे गवई मिरजेत राहिल्याने वाद्यांना जाणकार कानही मिळाले. पंढरपूर भागातला भोपळा मिरजेत येऊन तंबोरा होतो, आणि शिकलगार हे आडनाव काही घरांत सतारमेकर झाले. २०२४मध्ये मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. शस्त्राचा कारागीर वाद्याकडे वळून टिकला, हे आपले भाग्य. पण ज्यांना मिरज मिळाली नाही, ते कात्र्या-सुऱ्यांना धार लावत राहिले आणि त्यांच्याबरोबर शस्त्रांची विद्या विझली.

स्वातंत्र्यानंतर १९५९चा शस्त्र कायदा आला. त्याच्या ४५व्या कलमात जुन्या शस्त्रांना सूट आहे, पण केव्हा? शस्त्र कालबाह्य, पुरातन किंवा मोडके असेल आणि दुरुस्ती करूनही त्यातून बार काढता येणार नसेल, तेव्हा. म्हणजे बंदूक पुरती मेलेली असेल तर ती वारसा. तिच्यात धुगधुगी असेल तर ते परवान्याचे शस्त्र. ती दुरुस्त करण्यासाठीही वेगळा परवाना लागतो. जो छंद इतरत्र दुरुस्तीपासून सुरू होतो, तो आपल्याकडे दुरुस्तीपाशीच अडतो.

इतर देशांनी काय केले? ब्रिटनमध्ये ठासणीच्या बंदुका चालवणाऱ्यांची संघटना १९५२पासून आहे. जपानची तऱ्हा मला अधिक शिकवणारी वाटते. १५४३मध्ये तानेगाशिमा बेटावर पोर्तुगिजांबरोबर तोड्याची बंदूक पोहोचली. आज तिथे अशा जुन्या बंदुकीची नोंद प्रांताचे शिक्षण मंडळ कलावस्तू म्हणून करते. नोंद माणसाची नव्हे, बंदुकीची. मालक बदलला तरी ती बंदुकीबरोबर जाते. परवानगी घेऊन उत्सवांत तिचे बारही काढले जातात. आपल्याकडे परवाना माणसाचा. तो वारला की वारसांची धावपळ सुरू होते. २०१९च्या दुरुस्तीने तर एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, आणि त्यात वारशाने आलेल्याही मोजल्या जातात. जमा केलेल्या बंदुकीसाठी मुदतीत कुणी हालचाल केली नाही, तर ती सरकारजमा होते. तिची नळी कुठली, दस्त्यावर कुणाचे नाव, हे कुणी लिहून ठेवत नाही.

तरी ठासणीची बंदूक पूर्ण संपलेली नाही. पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक द्यावी, असे हाच कायदा १३व्या कलमात म्हणतो. पाटण, जावळी, शिराळा या डोंगराकडच्या तालुक्यांत गवा आणि रानडुक्कर भात-नाचणीची नासाडी करतात. १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे त्यांना परवानगीशिवाय मारता येत नाही; म्हणून बार काढायचा तो आवाजाचा, जनावर पिटाळण्यासाठी. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. गजाने दारू ठासण्याची ही रीत पेशवाईतल्या शिपायाचीच. फरक इतकाच, की ती आज छंद म्हणून नव्हे, गरज म्हणून टिकली आहे.

ज्याला त्याला बंदूक द्या, असे माझे म्हणणे नाही. गेल्या पावणेदोनशे वर्षांतली बंदी सगळीच अन्यायाची होती असेही नाही. माझे म्हणणे नोंदीपुरते आहे. २०२४मध्ये वाघनखे साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली तेव्हा लोकांनी रांगा लावल्या. तीच आस्था खंडेनवमीला घरोघरी पुजल्या जाणाऱ्या शस्त्रांना मिळायला हवी. बंदूक जमा करण्यापूर्वी तिचे छायाचित्र, नळीची लांबी, कोरलेली अक्षरे, घरात ती कशी आली याची हकिगत आणि ती शेवटची कुणी दुरुस्त केली त्याचे नाव, एवढे लिहून संग्रहालयाकडे द्यावे. याला परवाना लागत नाही. मिरजेच्या तंबोऱ्याचे मूळ आपल्याला सांगता येते, कारण ती घरे अजून कामात आहेत. बंदुकीचे कारागीर कामात उरले नाहीत. त्यांच्याबद्दल जे कळायचे ते आता या वस्तूंवरूनच.