‘इपोलित’ : नाम आणि कथा

फ्रेंच भाषेतील ‘इपोलित’ हे पुरुषनाम मूळचे ग्रीक ‘हिप्पोलितोस’ होय. त्याचे पूर्वपद ‘हिप्पोस’ म्हणजे घोडा. संस्कृत ‘अश्व’ हा त्याचा सगोत्र शब्द. उत्तरपद ‘सोडणे, मोकळे करणे’ या अर्थाच्या धातूचे आहे. ‘घोडे मोकळे सोडणारा’ हा त्याचा सरळ अर्थ. परंतु या नावाचा इतिहास व्युत्पत्तीपाशी संपत नाही, तेथून तो सुरू होतो.

युरिपिडीसच्या इ. स. पू. ४२८ मधील नाटकात हिप्पोलितोस हा थीसियस राजाचा पुत्र. सावत्र आई फेड्रा हिने केलेल्या खोट्या आरोपावरून पिता त्याला शाप देतो. समुद्रातून निघालेल्या वृषभाला पाहून रथाचे घोडे उधळतात आणि लगामांत गुंतलेला तरुण फरफटला जाऊन प्राणांस मुकतो. नावातील अर्थच येथे नियती होऊन उभा राहतो.

रोममधील हिप्पोलितस नामक ख्रिस्ती धर्मोपदेशकास इ. स. २३५ मध्ये सार्डिनिया बेटावर हद्दपार करण्यात आले. त्या घटनेचा घोड्यांशी काहीही संबंध नव्हता. तथापि इ. स. ४०० च्या सुमारास प्रुडेन्टियस या लॅटिन कवीने त्याच्या हौतात्म्याची जी कथा सांगितली, तीत न्यायाधीश बंदिवानाचे नाव ऐकतो आणि त्याच नावाच्या वीराप्रमाणे घोड्यांकडून त्याचा अंत करण्याची आज्ञा देतो. ज्या धर्माने ग्रीक दैवतकथा त्याज्य मानली, त्याच्याच संतचरित्रात ती नावाचे बोट धरून शिरली.

या संताचा स्मृतिदिन १३ ऑगस्ट. संतांच्या दिनदर्शिकेत स्थान मिळाल्यामुळे फ्रान्समध्ये हे नाव प्रतिष्ठित ठरले. १८०३ च्या कायद्याने मुलांची नावे दिनदर्शिकांतील व प्राचीन इतिहासातील नावांपुरती मर्यादित केली, तेव्हाही त्यास बाध आला नाही. हे बंधन १९९३ मध्ये उठले. मध्यंतरी, १६७७ मध्ये, रासीनने ‘फेद्र’ नाटकात या विरक्त राजपुत्राला आरिसीवरील प्रेमाची मानवी दुर्बलता दिली. मरण मात्र बदलले नाही.

पुढे हेच नाव इपोलित तेन (१८२८–१८९३) या समीक्षकाने धारण केले. वाङ्मयाचे मूळ त्याने वंश, परिस्थिती आणि काल यांत शोधले. त्याच्या स्वतःच्या नावाची साक्ष काहीशी वेगळी आहे. वंश बदलला, परिस्थिती बदलली, काल बदलला. उधळलेले घोडे तेवढे तेच राहिले.