पश्तु लंडै : कर्त्याचें नांव नसलेलें काव्य

पश्तु वाङ्मयाचा इतिहास सांगतांना औरंगजेबाशीं झुंजणारा खुशालखान खटक आणि सूफी वृत्तीचा रहमान बाबा यांच्या दिवाणांपासून आरंभ करण्याची चाल आहे. त्यांची नांवें ठाऊक आहेत, पुस्तकें हाताशीं आहेत. पण ज्या काव्याला पुस्तक नाहीं आणि कर्ताहि सांगतां येत नाहीं, त्याची जागा कोणती? ‘लंडै’ पाहिली म्हणजे हा प्रश्न टाळतां येत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

लंडै म्हणजे आंखूड; मराठी वाचकास आपल्या ‘लांडा’ शब्दाची सहज आठवण होईल. ओळी दोनच, पहिलींत 9 अक्षरें, दुसरींत 13, आणि शेवट ‘म’ किंवा ‘न’ या ध्वनीवर. यमकाची सक्ती नाहीं. हिला ‘टप्पा’ असेंहि म्हणतात, परंतु आपल्या गवयांचा टप्पा निराळा. रबाब व घागर यांच्या साथीवर पुरुषहि ती गातात. तथापि तिच्यांत बोलते ती बहुधा स्त्रीच. मनाविरुद्ध लादलेलें लग्न, परमुलुखीं गेलेला नवरा, पाणवठ्यावर दिसलेला प्रियकर, रणांतून पाठ दाखविणाऱ्याचा धिक्कार, हें सारें ती 22 अक्षरांत बोलून मोकळी होते. ज्या समाजांत असें प्रेम उघड झालें तर बाईच्या जिवावर बेततें, तेथें कर्त्रीनें नांव कसें सांगावें? गाणें सर्वांचें असलें म्हणजे तें कोणा एकीवर लादतां येत नाहीं. हें नांव काळाच्या ओघांत हरवलें असें मानणें आम्हांस बरोबर वाटत नाहीं. तें जाणूनबुजून झांकलेलें आहे.

1880 सालच्या मैवंदच्या लढाईंत मलालाइ नांवाच्या मुलीनें लंडै म्हणून अफगाणांस धीर दिला, अशी कथा आहे. त्या दिवशीं इंग्रजांच्या बाजूनें मुंबई लष्कराच्या पलटणीहि लढल्या व पराभव पावल्या. लढाईचे कागद आहेत. मलालाइची कथा मात्र मुखपरंपरेनेंच जगविली, आणि तिच्या तोंडीं घातलेल्या लंडैहि एकाहून अधिक आहेत.

मुंबईच्या पारशी मंडळींस अवेस्ताचे पंडित म्हणून परिचित असलेले फ्रेंच विद्वान जेम्स दार्मस्तेतेर 1886 मध्यें हिंदुस्थानांत आले व सरहद्दीवर त्यांनीं पश्तु लोकगीतें टिपून घेतलीं. मोलाचें काम खरें. पण परक्या पुरुषास माजघरांतलें गाणें कितीसें ऐकूं येणार? स्त्रियांच्या लंडै पुढें सय्यद बहाउद्दीन मजरूह या अफगाण कवीनें गोळा केल्या. रशियाच्या स्वारीनंतर ते पेशावरास येऊन राहिले होते. तेथेंच फेब्रुवारी 1988 मध्यें त्यांचा खून झाला.

लंडैंचा काळ ठरवूं पाहणाऱ्यानें मात्र जपावें. जुन्या लंडैंतील ‘इंग्रज’ काढून बायांनीं तेथें ‘रशियन’ घातला, आणि 2001 नंतर ‘अमेरिकन’. शत्रूच्या नांवावरून फार तर गाणारीचा काळ कळेल. मूळ लंडै तिच्या आजीची असावयाची.