एम.आर.आय.चा चुंबक रात्रीसुद्धा चालू का असतो?

"डॉक्टर, स्कॅन अजून सुरू झालेला नाही ना, मग आईला व्हीलचेअरवरूनच आत नेतो." एम.आर.आय.ला पाठवलेल्या रुग्णांचे नातेवाईक असे सहज म्हणतात, आणि दर वेळी माझ्या पोटात गोळा येतो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन या खोलीत गेलेला एक तरुण मशीनकडे खेचला गेला आणि दगावला. मशीन बंद आहे असे त्याला सांगितले होते, असे नातेवाइकांचे म्हणणे होते. खोलीत अंधार असो, स्कॅन चालू नसो, चुंबक चालूच असतो. याचे कारण त्याच्या तारेत आहे, आणि त्या तारेची गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आहे.

१९०८ मध्ये हॉलंडमधल्या लायडन येथे कामरलिंग ओनेस यांनी हेलियम वायूचा प्रथमच द्रव केला. तापमान उणे २६९ अंश सेल्सिअस. १९११ मध्ये इतक्या थंडीत पाऱ्याचा विद्युतरोध एकाएकी नाहीसा झालेला त्यांच्या प्रयोगशाळेत दिसला. यालाच अतिवाहकता म्हणतात. साध्या तारेतून वीज गेली की तार तापते, म्हणून वीज सतत पुरवावी लागते. इथे ती गरजच नाही. १९१४ मध्ये ओनेस यांनी शिशाच्या तारेच्या वेटोळ्यात प्रवाह सुरू केला आणि बॅटरी काढून घेतली. प्रवाह तासन्‌तास फिरतच राहिला!

अशा तारेचा प्रचंड चुंबक करायचे त्यांचे स्वप्न मात्र फसले. थोडेसे चुंबकीय क्षेत्र वाढले की शिशाची अतिवाहकता जायची. चुंबकानेच चुंबक मारला म्हणा ना.

यावर उपाय सापडायला १९६१ उजाडले. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत कुन्झ्लर आणि सहकाऱ्यांनी निओबियमच्या नळीत निओबियम व कथिलाची पूड भरली, नळी ओढून तार केली आणि मग ती भट्टीत तापवली. ही तार ८.८ टेस्ला क्षेत्रातही अतिवाहक राहिली. पण हा पदार्थ काचेसारखा ठिसूळ. त्यामुळे रुग्णालयांत पोचली ती तिची लवचिक बहीण, निओबियम-टायटॅनियम.

नुसती जाड तार करून भागत नाही. आत चुंबकीय क्षेत्र जरा हलले की उष्णता निर्माण होते आणि अतिवाहकता तुटते. म्हणून या मिश्रधातूच्या केसाहून बारीक तंतूंचा जुडगा तांब्यात बसवतात आणि पुन्हा पुन्हा ओढून बारीक करतात. एखादी जागा तापलीच, तर वीज तेवढ्यापुरती तांब्यातून वळसा घेते. तंतूंना पीळ का द्यायला हवा, हे इंग्लंडच्या रदरफोर्ड प्रयोगशाळेने १९६० च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले.

मशीन बसवताना या वेटोळ्यात एकदा वीज भरतात, टोके अतिवाहक जोडाने बंद करतात आणि पुरवठा काढून घेतात. त्यानंतर वर्षानुवर्षे तोच प्रवाह फिरत असतो. इमारतीतली वीज गेली म्हणून चुंबक लगेच बंद पडत नाही. १.५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट. तो तातडीने घालवायचा तर तार मुद्दाम तापवावी लागते. मग हेलियम उकळून नळीवाटे बाहेर जातो. हे बटण शेवटचा उपाय म्हणूनच दाबतात.

अतिवाहकतेचा दुसरा वापर याच्या अगदी उलट आहे, क्षीण चुंबकत्व टिपण्याचा. दोन अतिवाहकांमध्ये काही अणूंच्या जाडीचा ऑक्साइडचा पापुद्रा ठेवला तरी वीज विनारोध पलीकडे जाईल, असे भाकीत १९६२ मध्ये केंब्रिजच्या ब्रायन जोसेफसन या २२ वर्षांच्या विद्यार्थ्याने केले. पुढच्याच वर्षी ते खरे ठरले. अशा सांध्यांपासून 'स्क्विड' हा संवेदक तयार झाला, आणि १९७२ मध्ये एम.आय.टी.तील डेव्हिड कोहेन यांनी त्याने मेंदूचे चुंबकीय संकेत नोंदवले. सुरुवातीचे शिशाचे सांधे थंड-गरम होताना तडकत. नंतर निओबियम आणि ॲल्युमिनियम ऑक्साइडचे टिकाऊ सांधे आले.

ही तपासणी, म्हणजे 'मेग', आज काही केंद्रांत अपस्माराच्या शस्त्रक्रियेआधी करतात. तिथेही हेअरपिन काढायला सांगतात, पण कारण वेगळे. हे यंत्र काहीच खेचत नाही. ते फक्त ऐकते, आणि पिनेच्या गोंगाटात मेंदूचा आवाज हरवतो.