आधी पाठांतर, मग प्रसाद

कवित्व येते कोठून? तुकोबारायांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगात त्याचा क्रमच सांगून ठेवला आहे. सन १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. व्यापार बुडाला, पत्नी अन्नावाचून गेली, मन संसाराला विटले. तेव्हा महाराजांनी देहूचे भंगलेले देऊळ नीट केले. एकादशीला कीर्तन आरंभिले, पण चित्त अभ्यासात नव्हते. मग संतांची वचने आदराने पाठ केली आणि पुढे गाणाऱ्यांच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले.

स्वप्न पडले ते यानंतर. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी होऊन गेलेले नामदेवराय पांडुरंगासह आले आणि आपल्या शतकोटीतील उरलेले अभंग पुरे करण्याची आज्ञा करून गेले. म्हणजे तुकोबांची गाथा ही नामदेवरायांच्या अपुऱ्या संकल्पाची पुढची ओवणी आहे. पुढे निषेध झाला, वह्या बुडवाव्या लागल्या. तरी हे बोल आपले नव्हेत, देवाचे आहेत, ही महाराजांची साक्ष ढळली नाही.

म्हणून मागच्या रांगेत ध्रुपद धरणाऱ्या टाळकऱ्याने आपले उभे राहणे कमी समजू नये. देणारा विठ्ठलच, पण घेणारी ओंजळ अशा सेवेतूनच घडते.