तळटीप : ‘एकॉर्नवाल्यांचा मेळावा’

१. हावड्याच्या प्रकरणात शाळेतला ‘बीबीसी’ म्हणून आलेले यंत्र म्हणजे केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो (१९८१) हा संगणक. केंद्र सरकारच्या ‘क्लास’ या संगणक-साक्षरता योजनेतून १९८४ पासून तो देशातल्या निवडक शाळांत पोहोचला. त्याच्या ‘मॉडेल बी’ची स्मृती अवघी ३२ किलोबाइट, तरीही बेसिक भाषेतून मुलांना थेट यंत्राशी बोलता येई. पुढे याच कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी एआरएम प्रोसेसर घडवला. १९८५ साली चाललेल्या त्या पहिल्या चिपची वंशावळ आज जवळपास प्रत्येक मोबाइलमध्ये आहे. त्या प्रोसेसरसाठी लिहिलेली ‘रिस्क ओएस’ ही प्रणाली मात्र मोजक्या चाहत्यांपुरती उरली. १९९८ मध्ये एकॉर्नने डेस्कटॉप संगणकांचे काम थांबवले, तरी चाहत्यांनी ही प्रणाली सोडली नाही. इंग्लंडमधल्या वेकफिल्डसारख्या मेळाव्यांत ते नवे प्रोग्रॅम दाखवतात, जुनी यंत्रे दुरुस्त करतात आणि रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर तीच प्रणाली चालवतात. २०१८ मध्ये तिचा सोर्स कोड मुक्त परवान्याखाली खुला झाला. प्रणाली जिवंत ठेवणे हे वापरणाऱ्यांच्याही हाती असते, हे या मंडळींनी सिद्ध केले आहे. — संपा.