धापेचा रोगी आणि मुंबईचीं उपनगरें

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड हीं नांवें घेतलीं म्हणजे आज गर्दीच्या गाड्या आणि बांधकामाची धूळ यांखेरीज दुसरें फारसें कांहीं डोळ्यांपुढें येत नाहीं. परंतु एके काळीं याच गांवीं मुंबईचे लोक हवा पालटण्यास येत. १८९६ सालीं मांडवी भागांत प्लेग प्रकट झाला, शहरांतील दाट वस्तीची लोकांनीं धास्ती घेतली, आणि पुढील कांहीं दशकांत उत्तरेकडे वसाहती उभ्या राहिल्या. मुलुंडची आंखीव रस्त्यांची रचना १९२२ च्या सुमाराची. मोकळी हवा हेंच तेव्हां या गांवांचें भांडवल होतें. आजच्या उपनगरवासीयास हें सांगितलें तर तो हसेल, व त्याचें हसणें अगदींच अस्थानीं होणार नाहीं.

त्या काळीं हवा हें औषधच होतें. कॉखनें क्षयाचा जंतु १८८२ सालीं दाखविला खरा, पण त्यास मारणारें औषध पुढें साठ वर्षें हातीं आलें नाहीं. म्हणून हवा, विश्रांति व सकस अन्न! डॉ. बिलिमोरिया यांनीं १९१२ सालीं पांचगणीस आरोग्यधाम काढलें तें याच विचारानें. मात्र जगभर अशा संस्थांचा कल एकच होता: रोग कोवळा असेल तर घ्यावयाचा. ज्याचीं फुप्फुसें पुरतीं पोखरलीं आहेत अशास घेऊन उपयोग काय? ज्यास श्वास सर्वांत अवघड, त्याच्यासाठींच दार सर्वांत अरुंद राहिलें.

पुढें स्ट्रेप्टोमायसिन आलें. १९५९ सालीं मद्रासच्या संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, घरीं औषध घेणारा क्षयी आरोग्यधामांतल्याइतकाच बरा होतो. गरीब कुटुंबांवर याचे उपकार मोठे आहेत. पण छातीच्या रोगास खाट नकोच, असा त्याचा अर्थ कोणी काढील तर आम्हांस तो मान्य नाहीं. जंतु मेला तरी फुप्फुसांतले व्रण राहतातच. शिवाय विडी, चुलीचा धूर आणि कारखान्याची धूळ आहे. असा मनुष्य वर्षानुवर्षें धापा टाकीत जगतो, आणि थंडींतल्या एखाद्या रात्रीं साध्या पडशानें त्याचे ओठ निळे पडतात.

१९५० व १९५७ सालीं हीं उपनगरें मुंबई महापालिकेंत आलीं. क्षयाचें मोठें पालिका-रुग्णालय मात्र शिवडीसच राहिलें. बोरिवलीच्या रोग्यास तेथें न्यावयाचें म्हणजे अर्धी मुंबई ओलांडावयाची.

इकडे वैद्यकाची दृष्टि पालटली होती. १९५२ सालीं कोपनहेगन येथें पोलिओची साथ आली असतां इब्सेन या भूलतज्ज्ञाच्या सूचनेवरून वैद्यकीचे विद्यार्थी पाळीपाळीनें हातानें पिशवी दाबून रोग्यांच्या फुप्फुसांत हवा भरीत राहिले. आजच्या अतिदक्षता विभागाचा उगम तेथला. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. जुन्या फुप्फुसरोग्यास प्राणवायु सढळ हातानें दिल्यास रक्तांत कार्बन डायॉक्साइड सांचून तो गुंगींत जाऊं शकतो. म्हणून कॅंबेल यानें १९६० सालीं प्राणवायु मोजून देणारा मुखवटा काढला. तरीहि २०१० सालीं टास्मानियांतील एका प्रयोगांत असें दिसलें कीं, रुग्णवाहिकेंत मोजून प्राणवायु दिलेल्यांत मृत्यूचें प्रमाण सढळ दिलेल्यांच्या निम्म्याहूनहि कमी होतें. तेव्हां इस्पितळाच्या दारापूर्वींचा अर्धा तास हाहि उपचारच होय. आणि आमच्याकडे तो बहुधा रिक्षांत, नातलगाच्या खांद्यावर मान टाकून जातो.

करोनाच्या दुसऱ्या लाटेंत, १७ एप्रिल २०२१ च्या सुमारास, प्राणवायु पुरेना म्हणून पालिकेच्या सहा रुग्णालयांतील १६८ रोगी रातोरात दुसरीकडे हलवावे लागले. त्याच काळांत गोरेगांव, दहिसर व मुलुंड येथें मांडवांखालीं प्राणवायूच्या नळ्यांसह खाटांच्या रांगा लागल्या होत्या. छातीच्या रोग्यांसाठीं उपनगरांत एवढ्या खाटा पूर्वीं कोणीं पाहिल्या नसतील. साथ ओसरली, मांडव निघाले, गोरेगांवचें प्रदर्शन-केंद्र पुन्हां प्रदर्शनांस लागलें. आणि धापेचा म्हातारा पुन्हां रात्रीं-अपरात्रीं रिक्षांत बसून जवळचें दार शोधूं लागला.